पंडिता रमाबाई : पूर्ण समर्पणाची कठीण वाट

तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्यांचे उगमस्थान मानले जाणारे गंगामूळ आज कर्नाटकातील चिक्कमगळूरु जिल्ह्यात येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे म्हैसूर संस्थानाच्या सीमेवरील घनदाट अरण्य होते. त्या अरण्यात एका मराठी शास्त्र्याच्या घरी २३ एप्रिल १८५८ रोजी एक कन्या जन्मास आली. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. म्हैसूरच्या वेशीवर जन्मलेली ही मुलगी पुढे पंडिता रमाबाई सरस्वती या नावाने सर्व देशास ठाऊक झाली. महाराष्ट्र त्यांना स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी म्हणून ओळखतो आणि ख्रिस्ती समाज केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका म्हणून. या दोन ओळखींच्या मध्ये एका जिज्ञासू आत्म्याचा मोठा प्रवास आहे आणि त्याची ओळख मात्र फारशी करून दिली जात नाही.

रमाबाईंनी ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करले, ही घटना सर्वश्रुत आहे. परंतु ते शिष्यत्व मनापासून आणि संपूर्णपणे आचरताना त्यांना कोणकोणते अडथळे ओलांडावे लागले, हे पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. दारिद्र्य, वैधव्य, जातीचा रोष आणि लोकनिंदा हे अडथळे उघड होते. त्यांच्याशी झुंजण्याचे बळ रमाबाईंना बालपणीच लाभले होते. अधिक बिकट ठरले ते आधाराचे रूप घेऊन आलेले अडथळे. स्वतःची विद्वत्ता, ममतेने सांभाळणाऱ्या धर्मभगिनींचा अधिकार, थोर सुधारकांचा पाठिंबा आणि जगाने दिलेली कीर्ती हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी प्रत्येकाशी त्यांना कधी ना कधी हिशेब करावा लागला.

अरण्यातील पाठशाळा

अनंतशास्त्री मूळचे मंगळूरकडचे. विद्यार्थिदशेत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री या विद्वानांपाशी शिकत होते. रामचंद्रशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांनी आपल्याही पत्नीस शिकविण्याचा निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या मंडळींपुढे त्यांचे काही चालले नाही. तिच्या निधनानंतर तीर्थयात्रेत गोदावरीतीरी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविलेच. स्त्रीला देववाणी शिकविली म्हणून गहजब झाला. उडुपी येथे माध्व संप्रदायाच्या पंडितसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रग्रंथांतूनच प्रमाणे काढून त्यांनी स्त्रियांना पुराणे व काव्ये शिकविण्यास बाध येत नाही, हे सभेस पटवून दिले. आपली श्रद्धा न सोडता परंपरेस प्रश्न विचारण्याची ही रीत पुढे कन्येतही उतरली.

त्यानंतर हे कुटुंब गंगामुळाच्या अरण्यात राहावयास गेले. तेथे अनंतशास्त्र्यांपाशी विद्यार्थी राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचे आतिथ्य होई. त्या आतिथ्यातच गाठचे द्रव्य संपले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने घर सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावरून तान्ह्या मुलीस डोंगराखाली आणले गेले. तेव्हापासून या कुटुंबाचे आयुष्य म्हणजे अखंड तीर्थाटन झाले. देवळात वा नदीकाठी पुराण सांगावे आणि श्रोते देतील त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा क्रम होता. वडील वृद्ध झाल्यामुळे रमाचे शिक्षण आईने हाती घेतले. लक्ष्मीबाई पहाटे मुलीस उठवून पाठ देत. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत रमाला भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत झाले होते. वडिलांनी तिचे लग्न बालवयात करून दिले नाही. त्या काळी या निर्णयास केवढे धैर्य लागत असेल, याची आज कल्पना करणे अवघड आहे.

दुष्काळाने घेतलेली परीक्षा

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची छाया पसरली. पुराण ऐकणारे लोकच अन्नाला मोताद झाले, तेथे पौराणिकांना दक्षिणा कोण देणार? या कुटुंबाला मोलमजुरीची सवय नव्हती आणि भीक मागणे त्यांच्या अभिमानास मानवत नव्हते. होते नव्हते ते विकून झाले. देवतांच्या कृपेसाठी उपोषणे, जपजाप्य आणि दानधर्म झाला. अखेरीस झाडाच्या पाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. पवित्र जलाशयात देह ठेवावा, असे वृद्ध वडिलांच्या मनाने घेतले. तेव्हा पुत्र श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूस ठेवून मजुरी करण्याची तयारी दाखविली. तिरुपतीच्या परिसरातील रानात अनंतशास्त्र्यांनी देह ठेवला. काही आठवड्यांतच रायचूर येथे लक्ष्मीबाईंचेही निधन झाले. प्रेत वाहून नेण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा पुत्र आणि चौथी कन्या. रमाबाई उंचीने ठेंगण्या असल्यामुळे तिरडीची बाजू त्यांना डोक्यावर तोलून धरावी लागली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

उरलेली भावंडे पायीच सारा हिंदुस्थान फिरली. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत त्यांनी हजारो मैल तुडविले. थंडीत अंगावर पुरेसे वस्त्र नसे, पोटात पुरेसे अन्न नसे. याच वर्षांत बाळपणीच्या श्रद्धेचे धागे एकेक करून सुटत गेले. सांगितलेली सर्व व्रते निष्ठेने करूनही आईवडील अन्नावाचून गेले, हा प्रश्न दोघांच्याही मनात घर करून राहिला. रमाबाई श्रद्धाहीन झाल्या नाहीत. उसनी श्रद्धा त्यांना यापुढे पुरेनाशी झाली, इतकेच.

कीर्ती आणि पुन्हा एकाकीपण

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची मराठी तरुणी अस्खलित संस्कृतात बोलते, हे ऐकून तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांचे अध्ययन करण्यास उत्तेजन दिले. कलकत्त्याच्या ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात त्यांना संस्कृत भाषेतील बायबल भेट मिळाले. त्यातील भाषा त्यांना परकी वाटली आणि ग्रंथ तसाच राहिला. धर्मशास्त्राचे अध्ययन जसजसे वाढत गेले, तसतसा स्त्रिया व शूद्र यांच्या वाट्याला आलेला अव्हेर त्यांना अधिकाधिक जाचू लागला.

१८८० साली ढाका येथे श्रीनिवासाचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते बंगाली आणि ब्राह्मणेतर असल्यामुळे भाषा व जात या दोन्ही सीमा एकदमच ओलांडल्या गेल्या आणि दोन्हीकडच्या समाजांनी पाठ फिरविली. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार सुरू झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याने उत्पत्तीचा वृत्तान्त समजावून दिला आणि ख्रिस्ती धर्माविषयी ओढ निर्माण झाली. ही ओढ पतीस रुचली नाही. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली. दहा महिन्यांनी, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या रमाबाई आता कडेवर मूल असलेल्या विधवा होत्या.

त्या महाराष्ट्रात परतल्या. पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना झाली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिकांची आणि स्त्रीवैद्यांची निकड मांडली. याच काळात त्या मिशनच्या शिक्षिकांकडे इंग्रजी आणि नवा करार शिकत होत्या. चित्पावन कुळात जन्मून ख्रिस्ती झालेले विद्वान नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी त्यांचा विचारविनिमय होत असे. वैद्यक शिकावे म्हणून पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या. निघताना धर्मांतराचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

वाँटेज : बाप्तिस्मा आणि वाद

इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरी धर्मभगिनी मंडळाने त्यांना आश्रय दिला. या मंडळाची शाखा पुण्यास होती. श्रवणशक्ती अधू असल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. मात्र लंडनजवळील फुलहम येथे या भगिनी चालवीत असलेला एक आश्रम त्यांनी पाहिला आणि त्या दर्शनाने त्यांचे मन हलले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. अशा स्त्रियांना धर्मशास्त्र कठोर प्रायश्चित्ते सांगते, एवढेच रमाबाईंनी आजवर वाचले होते. या भगिनींना अशी करुणा कोठून सुचली, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. ख्रिस्ताच्या अंगी असलेला हा भेदभावरहित कळवळा त्यांना पटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी थोड्याच दिवसांमागे, त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांचा वाँटेज येथे दुर्दैवी अंत झाला होता. परक्या देशात दुःख आणि निर्णय यांचा भार त्यांनी एकाच वेळी वाहिला.

बाप्तिस्म्याने प्रश्न मिटले नाहीत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत. परंतु या आजीबाईंना नव्या शिष्येकडून निमूट आज्ञापालनाची अपेक्षा होती आणि रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीविषयी प्रश्न विचारीत. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला. तो रमाबाईंना अपमानास्पद वाटला. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून दुसऱ्या जोखडाखाली मान द्यावयाची त्यांची तयारी नव्हती. शाकाहार आणि देशी वेश त्यांनी कायम ठेवला. ख्रिस्ताचे होण्यासाठी इंग्रज होण्याची आवश्यकता नाही, ही त्यांची धारणा होती.

भगिनींना हा अहंकार वाटला. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते, असेही नाही. पांडित्याचा अभिमान हा रमाबाईंच्या स्वभावाचा एक भाग होताच आणि पुढे त्यांनी स्वतःच ते ओळखले. परंतु न पटलेल्या गोष्टीस होकार देऊन मिळणारी मनःशांती त्यांना नको होती. ज्या मनाने वडिलांच्या धर्माशी प्रामाणिकपणे वाद घातला, त्याच मनाने नव्या धर्माशीही प्रामाणिक राहणे त्यांना भाग होते. अशी जागृत बुद्धी शिष्यत्वाच्या वाटेत अडसर आहे, असे त्या भगिनींना वाटले. रमाबाईंना तिचे दान करावयाचे होते. परंतु ज्याच्या चरणी दान करावयाचे, तो अद्याप पुरता सापडला नव्हता.

शारदा सदनाची कसोटी

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी समजून घेतले, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे या संस्थेने मान्य केले. शाळेत धर्मप्रसार होणार नाही, ही अट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई कर्वे त्या याच. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते. मुलींना आपापले सोवळेओवळे आणि व्रतवैकल्ये पाळण्याची मुभा होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, एवढेच.

याच काळात त्यांच्या अंतर्यामी मोठे परिवर्तन घडले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा उपदेशक अनेक वर्षे व्यासपीठावरून धर्म सांगत होता. स्वतःस ख्रिस्ताचा अनुभव नाही, हे त्यास फार उशिरा कळले. ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, त्याची तत्त्वे तपासली, त्याचे उपकार वाखाणले. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना उमगले. आठ वर्षे ख्रिस्ती म्हणून वावरल्यावर ही कबुली स्वतःपाशी देणे सोपे नव्हते. आपल्या विद्वत्तेवर, सत्कृत्यांवर किंवा त्यागावर विसंबणे सोडून, तारणारा स्वतः आपल्याला स्वीकारतो, या एका विश्वासावर त्यांनी मन टेकविले. प्रश्न विचारणारी बुद्धी तीच राहिली. तिच्या बळावर देवास जिंकता येते, हा समज मात्र गळून पडला.

ज्याने अंतःकरण भरून गेले, ते लपविणे आता अशक्य झाले. प्रार्थनेच्या वेळी रमाबाईंच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. गावात कुजबुज सुरू झाली, वृत्तपत्रांनी टीकेचे सूर लावले. सल्लागारांचे म्हणणे रास्त होते. पालकांनी मुली पाठविल्या त्या धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, या भरवशावर. त्या भरवशास तडा जाऊ नये, असे त्यांना वाटत होते. रमाबाईंची बाजू अशी की, आपण कोणास बोलावीत नाही, शाळेच्या अभ्यासात धर्म आणीत नाही. मात्र ज्या घरात सर्वांना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक आहे, तेथे एकट्या चालिकेने आपली प्रार्थना दार लावून का करावी?

१८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी शारदा सदनाशी असलेला संबंध जाहीरपणे तोडला. वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. त्यांतील कित्येक विधवांचे पुन्हा केशवपनाच्या आणि अंधाऱ्या माजघराच्या आयुष्यात परतणे ठरलेले होते. रमाबाईंचे काळीज त्या मुलींसाठी तुटले असेल, यात शंका नाही. एक दार लावून घेतले असते, तर पाठिंबा टिकला असता, मुलीही राहिल्या असत्या. हा अडथळा ओलांडण्याची किंमत त्यांच्या एकटीच्या वाट्यास आली नाही, हे या प्रसंगाचे खरे दुःख होय. त्यांनी दार लावले नाही. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी काम चालू ठेवले. हळूहळू संख्या पुन्हा वाढू लागली.

केडगावची मुक्ती

अमेरिकेच्या साहाय्याची दहा वर्षे संपत आल्यावर संस्था स्वावलंबी व्हावी, म्हणून रमाबाईंनी पुण्यापासून रेल्वेने जाण्याजोग्या केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. तेथे फळबागेचा बेत होता. लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात आपल्याबरोबरच्या पंधरा मुलींकडे पाहून त्यांनी देवाकडे त्यांच्या पंधरापट, म्हणजे २२५ आत्मे मागितले. एवढ्या मुलींना ठेवण्यास तेव्हा जागाही नव्हती.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे रान आणि रायचूरची ती तिरडी आठवली. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. मदत-छावण्यांत भुकेने सांगाडा झालेल्या मुली आणि त्यांना फसवून नेण्यास टपलेली माणसे त्यांनी पाहिली. सुमारे ३०० स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारची बंदी झाली. तेव्हा केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या छावण्यांत स्त्रियांची होणारी हेळसांड रमाबाईंनी इंग्रज सरकारला जाहीरपणे सुनावली. सरकारी रोषाची त्यांनी पर्वा केली नाही. या वसाहतीसच मुक्ती सदन हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील स्त्रियांची संख्या दीड हजारांहून अधिक झाली.

शारदा सदनात उच्चवर्णीय विधवा येत असत. मुक्तीमध्ये जातीचा प्रश्नच उरला नाही. उपाशी, आजारी, अंध आणि वृद्ध अशा सर्वांसाठी दार उघडे झाले. फुलहमचा तो आश्रम रमाबाई विसरल्या नव्हत्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपा सदन काढले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. शेती, दुग्धालय, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशा उद्योगांतून प्रत्येकीच्या हाताला काम मिळे. विहिरी खणल्या गेल्या, शाळा भरू लागल्या. आता ठराविक वर्षांचे अभिवचन देणारी संस्था पाठीशी नव्हती. ज्याच्या भरवशावर हा संसार मांडला, तोच चालवील, अशा श्रद्धेने रमाबाई येईल त्या मदतीवर काम करीत. ज्या मनाने एके काळी सिद्धान्ताच्या प्रत्येक शब्दाचा पुरावा मागितला होता, तेच मन आता उद्याच्या धान्याची चिंता देवावर टाकून रात्री झोपू शकत होते.

अखेरचे काम

१९०५ च्या सुमारास मुक्तीमध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली आणि तिची ख्याती जगभर पसरली. रमाबाई स्वतः मात्र अधिकाधिक एकांतात, टेबलावरील कागदांत गढून गेल्या होत्या. त्या काळी प्रचलित असलेल्या मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतील खेडवळ स्त्रियांना कळत नाही, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून मूळ भाषांतून, साध्या बोलीत नवे भाषांतर करण्याचे त्यांनी ठरविले. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा अभ्यासिल्या.

आईने पहाटे उठवून दिलेले भाषाज्ञान येथे उपयोगी आले. ज्या संस्कृतमुळे त्यांना सरस्वती ही पदवी मिळाली, त्या संस्कृतचे अवघड शब्द त्या आता निवडून निवडून वगळीत होत्या. कोणा निरक्षर बाईला वाचून दाखविलेले वाक्य एकदा ऐकताच कळावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. पांडित्याचा त्याग त्यांनी केला तो असा. ते फेकून दिले नाही, शेवटच्या पंगतीत बसणाऱ्यांच्या सेवेस लावले. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत आणि मुलीच यंत्र चालवीत.

कन्या मनोरमा आईच्या कार्याचा उजवा हात झाली होती. इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती केडगावला परतली, शारदा सदनाचा भार तिने उचलला, गुलबर्गा येथेही शाळा उभी केली. आपल्यामागे हीच सर्व पाहील, असे रमाबाईंनी मानले असेल तर नवल नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळिसाव्या वर्षी गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून ही अखेरची ताटातूट होती. त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या रमाबाई त्यानंतरही भाषांतराची मुद्रिते तपासत बसल्या. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी शांतपणे डोळे मिटले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले होते. स्वतंत्र भारताने १९८९ साली त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. दरम्यानच्या काळात महाराष्ट्राने त्यांच्याकडे दीर्घकाळ पाठ फिरविली होती. ज्या सुधारकांनी संबंध तोडला, त्यांच्या नावे संस्था उभ्या राहिल्या आणि रमाबाईंचे नाव पाठ्यपुस्तकात दोन ओळींपुरते उरले. केडगावची मुक्ती मात्र आजही उभी आहे आणि निराधार स्त्रियांना आसरा देत आहे.

साठ वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या शाळेच्या इतिहासात पालकांचा विश्वास, देणगीदारांचे साहाय्य आणि शिक्षकांची निष्ठा यांचा मेळ घालण्याचे प्रसंग अनेकदा आलेले असतात. हा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही, हे १८९३ चे शारदा सदन सांगते. अशा वेळी काय जाऊ द्यावे आणि काय धरून ठेवावे, हे ठरविणाऱ्यास रमाबाईंचे चरित्र तयार उत्तर देत नाही. परंतु म्हैसूरच्या अरण्यात जन्मलेल्या आणि आईपाशी शिक्षणास आरंभ केलेल्या एका मुलीने आपल्याजवळचे एकही ज्ञान वाया जाऊ दिले नाही आणि एकाही ज्ञानाला आपला धनी होऊ दिले नाही, ही साक्ष मात्र ते स्वच्छपणे देते.